मॉर्गन डॉलर : चकाकी की किंमत?

प्रश्न : अमेरिकेतल्या मामांनी १८८१ सालचा चांदीचा मॉर्गन डॉलर दिला. काळपट झालाय. पॉलिश करून विकू का?

उत्तर : पॉलिश अजिबात नको! घासलं की बारीक ओरखडे उठतात, टांकसाळीची मूळ झळाळी जाते. मग नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या पीसीजीएस, एनजीसीसारख्या अमेरिकी संस्था प्रतीचा अंक न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात.

अंक १ ते ७०. ६० आणि पुढे न झिजलेली नाणी. झीज आधी पुढच्या बाजूच्या लिबर्टीच्या (स्त्रीमुखाच्या) कानावरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती इथे दिसते. मात्र छाती सपाट पण झळाळी शाबूत असेल, तर ती झीज नव्हे, ठसाच कमजोर. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या नाण्यांत हे नेहमीचं. साठच्या पुढे लिबर्टीच्या गालावरचे ओरखडे अंक ठरवतात. टांकसाळीतून हजार-हजार नाणी एका पिशवीत, दुसरं काय होणार!

किमान किंमत चांदीची : वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के म्हणजे सुमारे २४ ग्रॅम. बाकी टांकसाळीच्या खुणेवर. ती मागे, माळेखाली पाहा. १८८१ चं ‘एस’ (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं) चांगल्या प्रतीतही मुबलक मिळतं. १८९३ चं ‘एस’ जेमतेम एक लाख पाडलं, म्हणून त्यात चिकटवलेल्या ‘एस’ची बनावट नाणी फार.