रक्तातल्या मायक्रोआरएनएचं काम सुरू करतोयस? आधी प्लाझ्माकडे बघ

मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांचं काम आवरणारे छोटे आरएनए रेणू, आजाराची खूण म्हणून ते प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या द्रवात, शोधतात. सीक्वेन्सिंगची (त्यांचा क्रम वाचायची) घाई नको, सुरुवातीला बहुतेकांचं काम बिघडतं ते रक्त घेतानाच. हेपरिनची नळी टाळ, हे रक्त न गोठू देणारं द्रव्य पीसीआर (प्रती वाढवून मोजायची पद्धत) अडवतं, त्याऐवजी ईडीटीए या दुसऱ्या गोठणरोधकाची नळी घे. मग प्लाझ्मा उजेडात धर, जरा जरी गुलाबी दिसला तर तांबड्या पेशी फुटल्यात, आणि त्यांच्यात मिआर-४५१ए, मिआर-१६ हे मायक्रोआरएनए खच्चून भरलेले असतात, म्हणजे आजाराची खूण सापडली म्हणून तू खूश होशील आणि ते असेल नुसतं फुटलेलं रक्त! नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस, फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन कळायला ४१४ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजच.

बाकी दोन गोष्टी:
- गोठवण्याआधी प्लाझ्मा सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरव, प्लेटलेट राहिल्या तर वितळताना त्याच फुटतात आणि त्यांचे मायक्रोआरएनए नमुन्यात मिसळतात.
- मिळालं ते सगळं एक्सोसोममधलं (पेशींनी बाहेर टाकलेल्या इवल्या पिशव्या, म्हणजे व्हेसिकल) समजू नकोस, बरेच मायक्रोआरएनए अर्गोनॉट-२ प्रथिनाला चिकटून व्हेसिकलच्या बाहेरच फिरतात.

एवढं जमव, नॉर्मलायझेशनचं (नमुन्यांचे आकडे तुलनेसाठी एका पातळीवर आणण्याचं) नंतर बोलू.