टेपला कोणी विचारलं का?

"मावशी, नमस्कार. मी मूळची सांगलीची, गेली बारा वर्षं अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळ राहते. मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. शाळेतून सेक्स एज्युकेशनच्या वर्गाचा फॉर्म आलाय, आम्ही सही केली तरच तिला बसवणार. नवरा म्हणतो सही करू नको, लहान आहे ती, वेळ आली की घरी सांगू. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांनी तर कानावर हातच ठेवले. मला वाटतं इथे लग्नापर्यंत थांबा एवढंच तर शिकवतात, म्हणजे आपल्याकडे घरात सांगतात तेच, मग बसू दे की. गेल्या वर्षी मी न वाचताच सही केली होती. तेव्हा बाहेरून एक बाई आल्या होत्या, त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा एका मुलाच्या हाताला लावला, काढला, दुसऱ्याच्या लावला, असं करत करत शेवटी तो चिकटेचना. मग म्हणाल्या, बघा, फार लोकांशी संबंध आले की असं होतं. लेक त्या दिवशी गप्प गप्प होती. परवा नवीन फॉर्म बघून म्हणाली, आई, टेपला विचारून चिकटवतात का गं? मी हसून सोडून दिलं. तर सही करू की नको?"

अगं, सही कर. त्यात फार विचार करण्यासारखं काही नाहीये. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा सहीपाशी नाही, त्या टेपपाशी अडकले. तू ज्याला हसून सोडून दिलंस ना, तोच खरा प्रश्न होता, आणि तो तुझा नाही, तिचा होता.

आधी फॉर्मचं उरकून टाकू. टेक्सासमध्ये २०२१ च्या कायद्याने हा बदल आला, त्याआधी मुलं आपोआप वर्गात बसायची आणि नको असेल तर आईबापांनी तसं कळवायचं, आता उलटं, आधी लेखी परवानगी. म्हणजे फॉर्म दप्तराच्या तळाशी चुरगळून राहिला तरी पोरगी वर्गाबाहेर. मग बाकीच्या मैत्रिणी आत आणि ही लायब्ररीत, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच मैत्रिणी तिला सगळं सांगणार, चुकीचं आणि तिखटमीठ लावून. हे तिच्या कानावर पडू न देणं तुझ्या नवऱ्याच्या हातात नाहीच आहे, कोणाकडून ऐकेल एवढंच थोडंफार हातात आहे.

आणि तुला वाटतं तसं "थांबा एवढंच" शिकवतात असं आता सरसकट नाहीये. तिथला कायदा सांगतो की शाळकरी वयात संबंध न ठेवणं हाच सगळ्यात चांगला पर्याय म्हणून शिकवा, आणि बाकी कशाहीपेक्षा त्यावर जास्त भर द्या. पण राज्याच्या शिक्षण मंडळाने २०२० मध्ये, १९९७ नंतर पहिल्यांदा, आरोग्याचा अभ्यासक्रम बदलला आणि सातवी-आठवीत गर्भनिरोधकांची माहिती घातली. प्रत्यक्ष वर्गात किती आणि काय सांगायचं हे शेवटी डिस्ट्रिक्टवर, म्हणजे तुमच्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या मंडळावर असतं. म्हणून या वेळी सही करायच्या आधी शाळेला ईमेल टाक, अभ्यासक्रम दाखवा म्हणावं, तो बघायचा तुला कायद्याने हक्क आहे. बाहेरून कोणी बोलवणार आहात का, तेही विचार. एखादाच भाग नको असेल तर तेवढ्यापुरतं मुलीला बाहेर ठेवता येतं, मार्क वगैरे जात नाहीत.

आता "आपल्याकडे सांगतात तेच" याबद्दल. खरंय गं तुझं, आणि म्हणूनच मला भीती वाटते. आपल्याकडे काय सांगतात? काहीच नाही. मी स्वतः दहावीला विज्ञान शिकवायचे, प्रजननाचा धडा आला की पहिल्या वर्षी मी म्हटलं, हा घरी वाचून या, परीक्षेला आकृती येते तेवढी बघा. साठ पोरं वर्गात, एकाने मान वर केली नाही. आणि मी बीएस्सी झालेली, बीएड झालेली, मला तो धडा येत होता हो, तोंडातून शब्द येत नव्हता. दुसऱ्या वर्षी शिकवला, घाम फुटला पण शिकवला, तर एका मुलीने तास संपल्यावर येऊन विचारलं की बाई, पाळी म्हणजे शिक्षा असते का. दहावीतली मुलगी. चार वर्षं पाळी येत होती तिला.

२००७ साली इथे शाळांमधून किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम येऊ घातला होता, विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो बंद केला, गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेशनेही तेच केलं. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, वेंकय्या नायडू अध्यक्ष होते, शाळेत लैंगिक शिक्षण नकोच आणि लग्नाआधी संबंध नकोत हे मुलांना शिकवा असं सांगून टाकलं. म्हणजे टेक्सास काय आणि दिल्ली काय, सूर एकच. त्याच्याही कितीतरी आधी र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढायचे, १९२७ ला सुरू केलं आणि मरेपर्यंत चालवलं, वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले, तरी हरले. मी इथे बसून तुला हे लिहितेय आणि माझ्यावर कोणी खटला भरत नाही, एवढी प्रगती आहे म्हणायची.

असो. "लग्नापर्यंत थांबा" हे तिथे आलं कुठून ते तुझ्या नवऱ्याला सांग, कारण त्याला बहुतेक वाटत असेल की ही अमेरिकेची जुनी परंपरा आहे. १९९६ मध्ये गरिबांच्या मदतीच्या कायद्यात एक कलम घुसवलं, वर्षाला ५ कोटी डॉलर, अट अशी की लग्नाच्या आतले संबंध हाच योग्य मापदंड असं शिकवायचं. पैसा आला की कार्यक्रम उगवतात, तसे उगवले. २००४ मध्ये हेन्री वॅक्समन नावाच्या खासदाराने त्यातले १३ अभ्यासक्रम तपासून घेतले, ११ मध्ये चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती निघाली, एकात तर घामातून आणि अश्रूंतून एचआयव्ही होतो असं होतं. मग २००७ मध्ये खुद्द काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, करायला सांगितलेल्या अभ्यासाचा रिपोर्ट आला, दोन हजारांवर मुलं, काही या वर्गांना बसलेली काही न बसलेली. निकाल? काही फरक नाही. दोन्हीकडे साधारण निम्मी मुलं थांबलेली आणि ज्यांनी केलं त्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वयसुद्धा दोन्हीकडे सारखंच, १४.९ वर्षं.

हा आकडा नवऱ्याला दोनदा वाचून दाखव. तुमची १३ ची आहे. "वेळ आली की सांगू" म्हणजे नेमकी कधी हो?

पण मी थांबण्याच्या विरुद्ध आहे असं समजू नको. १३ वर्षांच्या मुलीने थांबावंच, यात माझं, तुझं, सासूबाईंचं आणि टेक्सास सरकारचं एकमत आहे. आणि एक गंमत सांगते, थांबा हे शिकवून उपयोग झाल्याचंही एक उदाहरण आहे, २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास, सहावी-सातवीची ६६२ कृष्णवर्णीय मुलं, दोन वर्षांनी बघितलं तर त्या वर्गातली साधारण एक तृतीयांश सक्रिय झाली होती आणि नुसतं आरोग्याचं शिकवलेल्या गटातली जवळपास निम्मी. पण तिथे कोणी लग्नाचं नाव काढलं नव्हतं, कंडोम फाटतातच वगैरे सांगून घाबरवलं नव्हतं, कोणाला घाण म्हटलं नव्हतं. अजून तयार नाही आहात, तयार व्हाल तोपर्यंत थांबा, थांबलात तर तुमच्याच पुढच्या बेतांना बरं, एवढंच. म्हणजे भांडण थांबण्याशी नाहीच, भांडण टेपशी आहे.

तर टेप. एलिझाबेथ स्मार्टचं नाव तू तिकडे ऐकलं असशील. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत घरातून, झोपलेली असताना तिला पळवून नेलं, १४ वर्षांची होती, नऊ महिन्यांनी सापडली. तोवर रोज बलात्कार. मोठी झाल्यावर २०१३ मध्ये एका भाषणात तिने सांगितलं की शाळेत एका बाईंनी शिकवलं होतं, संबंध म्हणजे च्युइंगम चघळणं, चघळलेला च्युइंगम कोण घेतो. आणि पहिल्या अत्याचारानंतर तिच्या डोक्यात काय आलं तर हेच, की आता मी तो चघळलेला च्युइंगम, माझी किंमत संपली. पळून तरी कशाला जायचं असं का वाटतं माणसाला, हे तिला आतून कळलं म्हणाली. टेपचा खेळ नि च्युइंगमचा खेळ एकच गं. आपल्याकडे काचेचं भांडं म्हणतात, एकदा तडा गेला की गेला. आणि बघ, त्या वर्गात हात मुलांचे पण असतात, मुलींचे पण असतात, तरी टेप कोण आहे हे मुलींना न सांगता कळतं.

आता तुझी लेक काय म्हणाली? टेपला विचारून चिकटवतात का. वर्षभर डोक्यात ठेवलं तिने ते. हुशार आहे म्हणून असेल, नुसतीच, बायकांनी शेकडो वर्षं न विचारलेला प्रश्न तेराव्या वर्षी विचारला म्हणून मला तर तिची पाठ थोपटावीशी वाटली. पण दुसरीही शक्यता आहे आणि ती तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. कोणाला तरी न विचारता हात लावलाय, तिला किंवा तिच्या मैत्रिणीला, बसमध्ये, क्लासला, कोणाच्या घरच्या पार्टीत, आणि ती चाचपून बघत होती की आईला सांगितलं तर आई मला चिकट न राहिलेली टेप म्हणेल का. तू हसलीस. चूक नाही तुझी, मीही हसले असते, आपल्याला तेवढंच शिकवलंय.

म्हणून आज उद्या, फॉर्मच्याही आधी, तिच्याशी बोल. समोर बसवून नको, मुलं समोर बसवलं की कोर्टात उभी केल्यासारखी होतात. गाडीत बोल, तुम्ही तिकडे दिवसभर पोरांना गाडीतूनच फिरवत असता, डोळे रस्त्यावर असले की दोघींना सोपं जातं. म्हण, परवा तू टेपचं विचारलंस ना, मी हसले, मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता सुचलंय. माणूस टेप नसतो. तुझ्याशी कोणी काही केलं, किंवा उद्या तू स्वतः चूक केलीस, तरी तू कमी होत नाहीस, आणि दोन्ही वेळा पहिल्यांदा मला सांगायचं, मी ओरडणार नाही. आणि मग गप्प बस. हे सगळ्यात अवघड. आपल्या जिभेला लगेच पुढचं वाक्य लागतं, "पण असलं काही करायचं नाही हं", ते गिळ. दुसऱ्या फेरीला म्हण हवं तर.

ती काही बोललीच, तर आधी नुसतं ऐक, कोण कुठे कधी असा पोलिसी जबाब घेत बसू नको, आणि "तू तिथे गेलीसच कशाला" हे तर मरेपर्यंत म्हणू नको. मग तिच्या डॉक्टरांना फोन कर. टेक्सासमध्ये मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे, "आपली माणसं आहेत, महाराष्ट्र मंडळात चर्चा होईल" म्हणून दाबून टाकता येत नाही, आणि दाबूही नये. काहीच नसेल तर छानच, गप्पा तर झाल्या.

डॉक्टरांचा विषय निघालाच म्हणून, एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस दिलीय का तिला? ११-१२ व्या वर्षी देतात, १५ च्या आत सुरू केली तर डोस कमी लागतात. ती दिली म्हणजे मुलीला परवानगी दिली असं कोणी म्हणालं तर त्यांना विचार, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं म्हणजे खिळ्यावर पाय ठेवायची परवानगी दिली का. आणि हेही डोक्यात असू दे की २०२२ पासून तिथे गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद आहे, तेव्हा अर्धवट माहितीची किंमत तुमच्या राज्यात जरा जास्तच आहे.

नवऱ्याला घरी सांगायचंय ना, उत्तम, सांगू दे. रविवारी सकाळी त्याने काय सांगायचं ते कागदावर लिहून तुला आधी वाचून दाखवायचं, अशी अट घाल. नाही लिहिता आलं तर सही त्यानेच करावी. शिवाय तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये स्कूल हेल्थ ॲडव्हायजरी काउन्सिल असतं, त्यात जास्तीत जास्त पालकच असतात, वर्गात काय शिकवावं हे तेच सुचवतात. आपली माणसं गणपतीला तीनशे जणांचे मोदक वळतात आणि या मीटिंगला एक जण जात नाही. जा एकदा, त्या टेपवाल्या बाईंना पुन्हा बोलवू नका एवढं जरी म्हणालीस तरी पुरे.

आणि हो, गाडीत लेकीशी बोलशील तेव्हा सासूबाई मागच्या सीटवर असतील तर असू देत. त्यांनाही कोणी काही सांगितलेलं नाहीये.