सायकलचे पंक्चर काढल्यावर हवा भरण्यासाठी चार्जिंगचा छोटा पंप कसा निवडावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, सुटीच्या दिवशी साताऱ्याहून कासला सायकलने जाताना पंक्चर झाले तर हवा भरायला चार्जिंगचा छोटा पंप हवा आहे, सायकलचे टायर ७०० × ३२ चे आहेत, आणि १०० पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) लिहिलेल्या पंपापेक्षा १५० पीएसआय लिहिलेला पंप घेणे शहाणपणाचे ठरेल का. माझ्या मते या आकड्याला तुम्ही फार महत्त्व देऊ नये. ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये, स्वाराचे वजन मध्यम असेल तर, ६० ते ७० पीएसआय हवा पुरते. म्हणजे १०० पीएसआयचा चांगला पंपही तुमचे काम करील. खरी चौकशी करायची ती ही, की एका चार्जिंगमध्ये तो पंप तुमचा रिकामा टायर त्या दाबापर्यंत किती वेळा भरतो.

यामागचे गणित समजून घेतले तर दुकानात कोणी गोंधळात टाकू शकणार नाही. तुमच्या टायरच्या आत साधारण दीड लिटरहून थोडी अधिक जागा असते आणि ६५ पीएसआय म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे साडेचारपट दाब, म्हणून पंपाला बाहेरची सात ते साडेसात लिटर हवा ओढून आत कोंबावी लागते. आता २९ इंची चाकाची, २.२ इंच रुंद टायरची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीची माउंटन बाइक, पाहा: तिला २८ पीएसआय पुरतात, पण आतली जागा पाच लिटरच्या आसपास असल्याने हवा मात्र दहा लिटर लागते. दाब निम्म्याहून कमी, तरी पंपाला ओढावी लागणारी हवा अधिक. त्यामुळे मित्राच्या एमटीबीला पंप पुरला नाही किंवा पुरला, यावरून तुमच्या सायकलचा निर्णय होत नाही. शिवाय दाब वाढत जातो तसा पंपाच्या प्रत्येक फेऱ्यात आत जाणारा हवेचा वाटा घटतो आणि मोटार तापते, म्हणून पहिल्या तीस पीएसआयपेक्षा शेवटचे वीस पीएसआय बॅटरीला अधिक जड जातात. खोक्यावर छापलेला कमाल दाब पंप गाठत असेलही; पण तेथवर पोहोचायला किती वेळ लागतो आणि नंतर बॅटरी किती उरते, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

बॅटरीच्या आकड्यातही अशीच एक अडचण आहे. ३०० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचे माप) लिहिलेला पंप ६०० एमएएचच्या पंपापेक्षा निम्म्या ताकदीचा असेल असे वाटते, पण पहिल्यात दोन सेल एकापुढे एक जोडून ७.४ व्होल्ट मिळत असतील आणि दुसऱ्याचा आकडा ३.७ व्होल्टवर मोजलेला असेल, तर दोन्हींतील ऊर्जा सारखीच, म्हणजे सुमारे २.२ वॉट-अवर असते. म्हणून तुलना वॉट-अवरमध्येच करावी. तो आकडा दिलेला नसेल तर व्होल्ट विचारून एमएएचला त्याने गुणावे आणि हजाराने भागावे.

व्हॉल्व्हकडे लोक फारसे पाहत नाहीत आणि रस्त्यात नेमके तेथेच अडते. मोटारसायकलला असतो तसा जाड श्रेडर व्हॉल्व्ह आणि वर छोटी मळसूत्री टोपी असलेला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह, यांपैकी तुमच्या ट्यूबला कोणता आहे ते आधी पाहा आणि त्यावर बसणारे तोंड पंपासोबत आहे याची खात्री करा. व्हॉल्व्हवर थेट बसवायच्या पंपापेक्षा छोटी लवचिक नळी असलेला पंप मला अधिक योग्य वाटतो, कारण पंपाचे तोंड बरेच तापते आणि त्याची थरथर व्हॉल्व्हच्या मुळाशी पोहोचते. प्लॅस्टिकच्या देठाची पातळ टीपीयू (रबराऐवजी लवचिक प्लॅस्टिकची) ट्यूब वापरत असाल तर नळी आवश्यकच समजा, कारण त्या उष्णतेने देठ मऊ पडू शकतो. प्रेस्टावर आट्यांनी बसणारी नळी काढताना व्हॉल्व्हचा आतला भाग तिच्यासोबत फिरून निघू शकतो आणि भरलेली सगळी हवा जाते, म्हणून तो भाग घरीच पकडीने बेताने घट्ट करून ठेवावा.

कार्बन डायऑक्साइडची नळकांडी झटपट काम करतात, परंतु प्रत्येक नळकांडे एकदाच वापरता येते आणि हा वायू साध्या रबरी ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर झिरपतो. शर्यतीसाठी ती ठीक आहेत. सुटीच्या फेरीसाठी मी सुचवणार नाही.

तुमच्या मार्गाविषयी मात्र आग्रहाने सांगतो. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागल्यावर पंक्चर काढणारे दुकान सहज सापडत नाही आणि परतताना तोच घाट उतरायचा असतो. पठार शहरापेक्षा सुमारे ५०० मीटर उंच आहे. अर्धवट भरलेल्या टायरवर घाटाची वळणे घेणे धोक्याचे आहे, त्यामुळे ‘घरापर्यंत पोहोचण्यापुरती हवा’ हा हिशेब येथे चालत नाही. पावसाळ्यात आणि फुलांच्या हंगामात ओल्या रस्त्यावर काटे आणि काचांचे तुकडे टायरला चिकटतात आणि ओल्या रबरात सहज शिरतात, म्हणून एका फेरीत दोनदा पंक्चर होणे अशक्य नाही. या कारणाने चार्जिंगच्या पंपासोबत फ्रेमला अडकवता येणारा हलका हातपंपही ठेवावा. नवी ट्यूब बसवण्याआधी तिला थोडा आकार देण्याचे काम त्यानेच करावे, म्हणजे बॅटरी मुख्य कामाला राहते. अर्थात त्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून बाभळीचा काटा काढलेला असला पाहिजे, नाहीतर कोणताही पंप उपयोगाचा नाही. चार्जिंगचा पंप पावसापासून जपण्यासाठी बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा.

पंप घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, तो पूर्ण चार्ज करा, मागच्या टायरमधली सगळी हवा सोडा आणि ६५ पीएसआयपर्यंत भरून पुन्हा रिकामा करा. मध्ये पंपाला निवू द्या. एका चार्जिंगमध्ये हे निदान दोनदा, शक्यतो तीनदा झाले पाहिजे. पंप चालू असताना पडद्यावर दिसणारा दाब प्रत्यक्षापेक्षा जास्त असू शकतो, म्हणून पंप थांबल्यावर घरच्या उभ्या पंपाच्या काट्याशी तो पडताळून पाहा. फरक दरवेळी सारखाच येत असेल तर तेवढा धरून वापरता येतो; दरवेळी वेगळा येत असेल किंवा दुसऱ्या वेळी ६५ गाठण्यापूर्वीच पंप बंद पडत असेल, तर तो परत करून मोठ्या बॅटरीचा घ्या, भले वजन शे-दीडशे ग्रॅमने वाढो.