नॅनो-हर्बल थेंबांनी मुलांचे जंत पडतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: सहा वर्षांच्या मुलीला जंत झालेत, तिला अल्बेंडाझोलची गोळी द्यावी, की नातेवाइकांनी सुचवलेले 'नॅनो तंत्रज्ञानाचे, दसपट शोषले जाणारे' वावडिंग-हळदीचे थेंब?

गोळी द्या. मी फार्मसी कॉलेजात शिकवते. औषध शरीरात कुठे आणि किती पोचतं हाच माझा विषय आहे, म्हणून कारणही सांगते.

आधी बघायचं ते हे, की परजीवी राहतो कुठे. तुमच्या मुलीचे जंत आतड्याच्या पोकळीत आहेत. अल्बेंडाझोल रक्तात फार कमी शोषलं जातं आणि इथे तेच फायद्याचं ठरतं. औषध आतड्यात राहतं, जंताला भिडतं, त्याला साखर घेता येत नाही आणि तो मरतो. अशा वेळी 'दसपट शोषण' म्हणजे औषध जंताजवळून उचलून रक्तात नेणं. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असतील तर गोष्ट उलटी. तेव्हा औषध रक्तात जायला हवं, म्हणून हीच गोळी तेला-तुपाच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात.

पण म्हणून नॅनो थोतांड आहे असं समजू नका. त्याचं खरं काम बघायचं तर बिहारमधला काळा आजार बघा. वाळूमाशी चावून होणाऱ्या या रोगाचा परजीवी प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेज पेशींच्या आत दडून बसतो. मॅक्रोफेज म्हणजे रोगजंतू गिळून टाकणाऱ्या पेशी, आणि हा त्यांच्याच पोटात वाढतो. उत्तर बिहारमध्ये अँटिमनीची जुनी इंजेक्शनं लागू पडेनाशी झाली, तेव्हा अ‍ॅम्फोटेरिसिन बी वापरात आलं. औषध जालीम, पण एक दिवसाआड अशी १५ सलाइनं, थंडी वाजून ताप, मूत्रपिंडाला इजा आणि महिनाभर रुग्णालयात मुक्काम. मजुरी बुडवून इतके दिवस कोण राहणार?

मग हेच औषध लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान गोळ्यांत भरलं गेलं (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). बाहेरचा कण दिसला की मॅक्रोफेज तो गिळते, आणि गिळते तेव्हा औषध थेट परजीवीच्या घरात पोचतं. मूत्रपिंडाच्या वाट्याला त्यातलं कमी येतं. मुझफ्फरपूरला डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी ४१२ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. किलोमागे १० मिलिग्रॅमचं एकच सलाइन दिलेल्यांपैकी ९५.७ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतरही बरे होते. जुन्या १५ सलाइनांचा आकडा होता ९६.३. एका सलाइनमध्ये जवळजवळ तेवढाच गुण! हे वर्गात सांगताना मला आजही भरून येतं.

हे औषध हाताळणंही नाजूक असतं. कुपीत पिवळट वडी असते. तिच्यात १२ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून जोरात हलवायचं, गाळणीतून काढायचं आणि ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या सलाइनमध्येच, मिसळायचं. मिठाच्या सलाइनमध्ये घातलं तर ते फुटतं. घरच्या शेल्फवर ठेवायच्या थेंबांच्या बाटलीवर 'नॅनो' छापलेलं दिसलं की मला हे आठवतं आणि राग येतो.

आता वनस्पतींचं. त्यांना मी कमी लेखत नाही. आपल्याकडे वावडिंग, पळसपापडी, कपिला, किरमाणी ओवा हे सगळे जंतांवर वापरात होते आणि त्यांत औषधी द्रव्यं खरोखर आहेत. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन तर जगभर डॉक्टर देत असत. पण मात्रा जरा चुकली की सगळं पिवळं दिसायला लागायचं, झटकेही यायचे. सुरक्षित औषधं आल्यावर ते मागे पडलं. वावडिंगाची अडचण वेगळी आहे: बाजारात त्या नावाने दुसऱ्याच जातींची फळंही विकली जातात, त्यामुळे चमचाभर चूर्णात एम्बेलिन, म्हणजे वावडिंगातलं औषधी द्रव्य, किती हे कळायला मार्ग नाही.

वनस्पतीपासून औषध कसं घडतं ते चीनच्या औषधशास्त्रज्ञ तू यूयू यांच्या कामात दिसतं. चौथ्या शतकातल्या चिनी ग्रंथात मलेरियासारख्या तापावर चिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. त्यावरून त्यांनी ओळखलं की उष्णतेने गुण जात असावा. कमी तापमानाला ईथर वापरून त्यांनी अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो उंदरांच्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. पुढे त्यातून आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध वेगळं झालं, त्याची मात्रा ठरली, माणसांवर चाचण्या झाल्या; २०१५ साली नोबेल मिळालं. तुमच्या थेंबांनी यातला कोणता टप्पा पार केला, हे विक्रेत्याला जरूर विचारा.

'कडुनिंबाच्या नॅनोकणांनी परजीवी मेले' अशा बातम्याही येतात. त्यांत बहुतेकदा पानांचा रस वापरून चांदीचे कण बनवलेले असतात, आणि चांदी स्वतःच जंतू मारते. शिवाय काचेच्या बशीतला परजीवी मारणं सोपं आहे. पेशीत दडलेला, पेशीला धक्का न लावता मारणं अवघड.

तर दोन वर्षांवरील मुलांना अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायला देतात. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून द्या, विशेषतः मुलीला ताप असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर. जंत सुतासारखे पांढरे असतील आणि रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल, तर दोन आठवड्यांनी दुसरी गोळी लागते आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलीची नखं कापा आणि गोळी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी, चड्ड्या गरम पाण्यात धुवा.