बर्नीज माउंटन डॉगचा स्वभाव कसा असतो? नागपूरला फ्लॅटमध्ये पाळता येईल का?

तुमची परिस्थिती अशी: नागपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, मुलगी सहा वर्षांची, तिने व्हिडिओ बघून बर्नीजचाच हट्ट धरलाय, हॉलला एसी आहे आणि पिल्लासाठी टोकन द्यायचं की नाही हे या आठवड्यात ठरवायचंय. माझं मत आधीच सांगते, नका आणू. या कुत्र्यावर माझा फार जीव आहे, म्हणून एवढं स्पष्ट लिहितेय.

मी गेली नऊ वर्षं स्वित्झर्लंडमध्ये, बर्नच्या पूर्वेला एमेंटाल खोऱ्यातल्या एका खेड्यात राहते. घरमालक शेतकरी आहेत. खाली ते आणि त्यांचा गोठा, वर आम्ही. आम्ही आलो तेव्हा त्यांचा बर्नीज कुत्रा बेरी दीड वर्षाचा होता. बेरी म्हणजे इथल्या बोलीत छोटं अस्वल. काळंभोर अंग, छातीवर पांढरा पट्टा, गालांवर आणि पायांवर तांबूस रंग, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तांबूस ठिपका. या ठिपक्यांमुळे जुने शेतकरी अशा कुत्र्याला ‘चार डोळ्यांचा’ म्हणत. ऋग्वेदात यमाच्या कुत्र्यांना ‘चतुरक्ष’ म्हटलंय, ते असेच ठिपकेवाले असावेत असं बेरीकडे बघताना मला नेहमी वाटायचं.

स्वभाव समजायचा तर या जातीचं पूर्वीचं काम बघा. गुरं कुरणावर न्यायची, अंगण राखायचं आणि दुधाचे कॅन छोट्या गाड्यावर घालून गावातल्या चीज कारखान्यापर्यंत ओढून न्यायचे. ज्याला घोडा परवडत नसे त्याच्या दारात हा असे. इथे अजूनही गावोगाव असे छोटे कारखाने आहेत आणि शेतकरी सकाळ-संध्याकाळ तिथे दूध घालतात, आपल्याकडे डेअरीला घालतात तसंच. फक्त गाडा जाऊन ट्रॅक्टर आलाय. बेरी त्या ट्रॅक्टरमागे रस्त्याच्या वळणापर्यंत जायचा, तिथे बसायचा आणि मालक परत आले की त्यांच्याबरोबर घरी यायचा. पाच वर्षांत त्याने ते वळण एकट्याने ओलांडलेलं मी पाहिलं नाही.

या जातीला पूर्वी ‘ड्युर्बेख्लर’ म्हणत, रिगिसबर्गजवळच्या ड्युर्बाख नावाच्या वस्तीवरून आणि तिथल्या खाणावळीवरून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही कुत्री मागे पडत चालली होती. १८९२ मध्ये बुर्गडॉर्फच्या फ्रांत्स शेर्टेनलाइब नावाच्या खाणावळवाल्याने ती शोधून आणायला सुरुवात केली, १९०७ मध्ये त्यांच्यासाठी क्लब निघाला. झुरिकचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आल्बर्ट हाइम यांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि पुढे नाव पडलं ‘बर्नर झेनेनहुंड’. झेन म्हणजे आल्प्सच्या कुरणांवर गुरं घेऊन राहणारा, तिथेच चीज करणारा गवळी. गवळ्याचा कुत्रा. मला हेच नाव सगळ्यात योग्य वाटतं.

म्हणून त्याला माणसं लागतात. अनोळखी कोणी आलं की बेरी घशातून दोनदा मोठ्याने भुंकायचा आणि आडवा उभा राहायचा, मालकीणबाईंनी हात पुढे केला की बाजूला व्हायचा. तुम्ही उभे असाल तर येऊन पायाला टेकणार, सगळा भार तुमच्यावर टाकून. माझा मुलगा चालायला शिकला तो त्याच्या पाठीवर हात ठेवून. मुलांशी कसा, याचं उत्तर याहून चांगलं मला देता येणार नाही. पण पन्नास किलोंचा कुत्रा लाडाने वळला तरी सहा वर्षांची मुलगी खाली पडते, तेव्हा मोठं माणूस जवळ हवंच. शिवाय काही बर्नीज बुजरे निघतात. लहानपणी माणसं, आवाज, रस्ते दाखवले नाहीत तर मोठेपणी दबकून राहतात. ओरडलेलं त्यांना लागतं. आणि दिवसभर घरात एकटं ठेवलं तर हा कुत्रा झुरतो, अक्षरशः.

आता निगा. केस दुपदरी असतात, वरचे लांब आणि खाली दाट लोकरीसारखे. वर्षातून दोनदा खालचा थर गळतो, तेव्हा रोज विंचरावं लागतं. एका बैठकीत घमेलंभर केस निघतात. एरवी आठवड्यातून एकदा. वरवर ब्रश फिरवून उपयोग नाही. मालकीणबाई दर शनिवारी अंगणात स्टूल टाकून बसायच्या, केसांचे थर हाताने उचलून कातडीपर्यंत कंगवा न्यायच्या. कानामागे, काखेत आणि मागच्या मांड्यांवर गाठी होतात. तिथे ओल राहिली की खाली कातडी लाल होऊन चिघळते आणि वरून काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात याचा गोटा करू नये, तोच केस उन्हापासून कातडीचं रक्षण करतो.

पिल्लू झपाट्याने वाढतं आणि तिथेच लोक चुकतात. लवकर मोठं व्हावं म्हणून भरपूर खायला घालतात, वर कॅल्शियमच्या गोळ्या देतात. या जातीत खुब्याचे आणि कोपराचे सांधे मुळातच नाजूक, त्यात वजन वाढलं की जन्माचं लंगडेपण. जिने, उड्या, गुळगुळीत टाइल्स, सगळं पहिलं दीड वर्ष टाळायचं. तुमची लिफ्ट बंद पडली तर तीस किलोंचं पिल्लू कोण उचलणार? जेवण दिवसातून दोनदा विभागून, आणि जेवल्यावर तासभर धावपळ नाही. पोटात वायू भरून जठराला पीळ पडला तर तासाभरातही प्राण जाऊ शकतो. पोट टणक झालंय आणि ओकारी येतेय पण काही पडत नाही, असं दिसलं की थेट डॉक्टर.

पण नागपूरसाठी खरा प्रश्न उन्हाचा आहे. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मी बेरीला दुपारी मागच्या टेकडीवर नेलं. तापमान २९ अंश होतं. मला ते आल्हाददायक वाटत होतं, मी आपल्याकडच्या मापाने मोजत होते. अर्ध्या वाटेत तो बसला तो उठेना. जीभ बाहेर, हिरड्या लालभडक, डोळे कुठेतरी लागलेले. नशिबाने जवळच गुरांचा हौद होता. मालकांना फोन केला आणि ते येईपर्यंत टोपीने त्याच्या पोटावर आणि मांड्यांच्या आत पाणी ओतत राहिले. तो वाचला. मालक मला काहीही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझा हात त्याच्या केसांत खोल घातला, आणि आत भट्टीसारखं तापलेलं होतं.

त्यानंतर मी बघत गेले. ऑगस्टमध्ये इथे पारा तिशीच्या वर गेला की बेरी दिवसभर तळघराच्या फरशीवर पडून असायचा. पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतरच बाहेर पडायचा. हे इथे वर्षातले पंधरा-वीस दिवस. नागपूरला मे महिन्यात ४५ अंश असतं, रात्रीसुद्धा डांबर गरम असतं आणि शी-शूसाठी त्याला खाली न्यावंच लागतं. मार्च ते जून एका हॉलमध्ये, एसीच्या भरवशावर. वीज गेली तर?

आणखी एक गोष्ट मुलीचा विचार करून सांगते. इथे म्हणतात, तीन वर्षं पोर, तीन वर्षं चांगला कुत्रा, तीन वर्षं म्हातारा, वरची देवाची देणगी. सरासरी आयुष्य आठ वर्षांच्या आसपास. हिस्टिओसायटिक सार्कोमा नावाचा कर्करोग या जातीत इतर कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. बेरी सात वर्षांचा असताना पुढच्या पायाने लंगडायला लागला. आम्हाला संधिवात वाटला. एक्स-रे काढला तर खांद्यात गाठ होती, फुप्फुसातही पसरलेलं होतं. पाच आठवड्यांत गेला. आता तिथे ब्लेस आहे, तीन वर्षांची. मालकीणबाई शनिवारी विंचरताना आधी कंगवा बाजूला ठेवून दोन्ही हातांनी तिचे खांदे, गळा, काखा चाचपतात.

तुमची कुन्नूर-उटीला बदली झाली, घराला अंगण मिळालं आणि घरात दिवसभर कोणीतरी असणार असेल, तर पुन्हा विचारा. तेव्हा पिल्लाच्या आई-वडिलांचे खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे मागा, आजी-आजोबा किती वर्षं जगले ते विचारा; विकणारा टाळाटाळ करू लागला तर तिथून उठा. आत्ता मात्र टोकन देऊ नका. लेकीला घेऊन नागपुरातल्याच एखाद्या निवाऱ्यात दोन-चार रविवार जा. मे महिना सोसणारं एखादं गावठी पिल्लू तिच्या पायाला येऊन टेकतंय का, ते तिलाच बघू द्या.