अकरा वर्षांची घरपट्टी एकदम मागितली तर

प्रश्न: आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आहे. मी चिंचवडला नोकरीला, धाकटा भाऊ गावी. वडील मे २०१९ मध्ये वारले, घर अजून त्यांच्याच नावावर आहे. गावठाणातलं जुनं कौलारू घर. २०२१ साली भावाने गोठा पाडून पुढे स्लॅबची खोली काढली. आता पंचायतीची नोटीस आली आहे, सगळी कानडीत. २०१४-१५ ते २०२४-२५ अशी ११ वर्षांची बाकी, एकूण ३८,६४० रुपये. १५ दिवसांत भरा, नाहीतर नळ तोडू. एकाच घराला दोन नंबर दाखवलेत. वडिलांच्या २०१८-१९ पर्यंतच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या ट्रंकेत सापडल्या. भावाला बँकेच्या कर्जासाठी उतारा हवाय, तर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतात आधी सगळी बाकी भरा. बिल कलेक्टर म्हणतो, २० हजार आणून द्या, बाकीचं मी बघतो. गावातली पोरं म्हणतात, नोटीस कानडीत आहे, फेकून दे. गटार काढत नाहीत त्यांना पट्टी कशाला? नोटीस हातात येऊन १८ दिवस झाले. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी तारीख. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नोटिशीवर जी तारीख आहे, ती भावाच्या हातात कागद पडला त्याच्या ४ दिवस आधीची आहे. कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज कायदा, १९९३, याच्या कलम २६९ प्रमाणे ग्रामपंचायतीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. हे ३० दिवस नोटिशीवरच्या तारखेपासूनच धरा. कागद कधी मिळाला यावरून वाद घालायची पाळी येऊ देऊ नका. म्हणजे तुमच्या हातात ८ दिवस आहेत. भाषा, गटार, बिल कलेक्टर, सगळ्यावर बोलू, पण हे ८ दिवस गेले तर बाकीचं बोलणं फुकट.

आता आकड्यांकडे या. वाद खरा तिथेच आहे, आणि तिथे तुमची बाजू चांगली आहे. फोटोत वर्षाला जुन्या नंबराची घरपट्टी १,०४० रुपये, नव्या नंबराची १,२६०, पाणीपट्टी ६०० आणि शेवटी एकरकमी ६,७४० रुपये व्याज-दंड लावलाय. ११ वर्षांचे हिशेब जुळतात: ११,४४०, १३,८६०, ६,६०० आणि ६,७४० मिळून ३८,६४०. बेरीज चोख आहे. कशाकशाची बेरीज केली ते बघा.

नव्या नंबराच्या ओळीत क्षेत्रफळ जुन्या घरासकट लिहिलंय. म्हणजे २०२१ मध्ये खोली झाल्यावर कोणीतरी येऊन अख्खं घर मापलं, नवीन नंबर पाडला, आणि जुना नंबर बंद करायचा राहिला. एवढंच असतं तर चालण्यासारखं होतं. पण नवीन नंबराची मागणी त्यांनी २०१४-१५ पासून लावली आहे. जी खोली २०२१ पर्यंत नव्हतीच, तिची पट्टी २०१४ पासून कशी? म्हणून हिशेब असा बसतो. २०२०-२१ पर्यंत जुना नंबर, २०२१-२२ पासून नवीन. जुन्या नंबराची २०१८-१९ पर्यंतची पट्टी वडिलांनी भरलेली आहे, पावत्या तुमच्याकडे आहेत. राहिली २०१९-२० आणि २०२०-२१ ही दोन वर्षं: २,०८० रुपये. नव्या नंबराची ४ वर्षं: ५,०४०. पाणीपट्टी २०१९-२० पासून ६ वर्षांची: ३,६००. एकूण १०,७२० रुपये. एवढं तुम्ही देणं लागता, आणि ते नाकारू नका. वडील गेल्यावर घर वारसांकडे येतं तशी घरावरची थकलेली पट्टीही येते. शिवाय त्या घरात भाऊ राहतो, नळाचं पाणी वापरतो.

एक बारीक गोष्ट. या १,०४० मध्ये निव्वळ घरपट्टी नसते. तिच्यावर आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय उपकर ६ टक्के, भिक्षुक उपकर ३ टक्के असे थर चढतात. हे उपकर पंचायत गोळा करते, पण ते तिच्या गावासाठी राहत नाहीत, राज्याच्या त्या-त्या खात्याकडे जायचे असतात. टक्केवारी मूळ पट्टीवर असल्यामुळे पट्टी दोनदा लागली की उपकरही दोनदा लागतात. पाणीपट्टीवर मात्र ते लावलेले नाहीत ना, हे बघून घ्या. आणि ६,७४० रुपयांच्या व्याजाला कुठल्या नियमाचा, कुठल्या ठरावाचा आधार आहे ते लेखी विचारा. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं. एकरकमी आकडा टाकला म्हणून तो देणं बनत नाही. भरलेल्या वर्षांवर लावलेलं व्याज तर सरळ सरळ उडतं.

नुसतं "जुनी बाकी आहे, मुदत गेली" म्हणून हात झटकायचा सल्ला मी देणार नाही. त्यापेक्षा डीसीबी मागा. मागणी, वसुली आणि बाकी यांचं दर वर्षाचं रजिस्टर पंचायतीत असतं, त्याला तिथे सगळे डीसीबीच म्हणतात. २०१५-१६ च्या पानावर वडिलांच्या नावासमोर वसुलीच्या रकान्यात आकडा आहे आणि आज त्याच वर्षाची बाकी दाखवताहेत, असं एका पानावर जरी निघालं, तरी अख्खी नोटीस डळमळीत होते.

भाषेचं. पोरांचा राग मला समजतो. सीमाभागात राहून कानडी कागदाचा राग न आलेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय. पण कर्नाटकात राजभाषेचा कायदा १९६३ पासून आहे, स्थानिक संस्थांसाठी वेगळा कायदा १९८१ चा आहे. नोटीस कानडीत आहे एवढ्या कारणावरून ती रद्द होणार नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेपर्यंत घरपट्टी थांबेल असं कोणी सांगत असेल तर त्याला स्वतःची पावती दाखवायला सांगा. बहुतेक वेळा त्याने एप्रिलातच भरलेली असते.

तुमचा हक्क दुसऱ्या बाजूने आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येतं. तुमचं हरकतपत्र मराठीत लिहा आणि वर कलमाचा आकडा घाला. "मराठी अर्ज घेत नाही" असं काउंटरवर म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. उत्तर मराठीतच मिळालं पाहिजे असं मात्र ते कलम म्हणत नाही. तालुका पंचायतीतल्या अपिलाला मी मराठीबरोबर कानडी प्रतही जोडायला लावतो, कारण अधिकाऱ्याने कागद त्याच दिवशी वाचला तर फायदा आपलाच आहे. माहिती अधिकाराचं गणित निराळं आहे. त्या कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे. तेव्हा डीसीबीच्या नकलेसाठी माहिती अधिकाराचा अर्ज कानडीत किंवा हिंदीत करा, १० रुपये फी लावा. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. आपल्याकडचे निम्मे अर्ज या १५० शब्दांपायी परत येतात, कारण लोक अर्जात गावाचा इतिहास लिहितात.

पैसे कसे भरायचे? पहिल्यांदा पाणीपट्टीचे ३,६०० रुपये वेगळ्या पावतीवर भरा. नळ तोडायची धमकी पाण्याच्या बाकीवर उभी आहे, ती बाकीच राहिली नाही तर वादातल्या घरपट्टीसाठी नळाला हात लावणं त्यांना जड जाईल. मग घरपट्टीचे ७,१२० भरा, आणि सोबत अर्ज द्या की ही रक्कम मला मान्य आहे, उरलेल्या मागणीवर हरकत राखून भरणा करत आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. पैसे घेत नाहीत म्हणाले तर तेही लेखी मागा, आणि अपिलात "अमुक तारखेला रक्कम देऊ केली, नाकारली" असं लिहा. वसुलीचा क्रम आधी बिल, मग मागणीपत्र, आणि तरीही न भरल्यास जप्ती असा असतो. उद्या सकाळी दारात येऊन भांडी उचलतील ही भीती घरच्यांच्या मनातून काढा.

बिल कलेक्टरच्या २० हजारांबद्दल एकच सांगतो: पावतीशिवाय एक रुपया नाही. बाकी माफ करायचा अधिकार त्याला नाही. २० हजार त्याच्या खिशात जातील आणि ३८,६४० रजिस्टरवर तशीच राहील. वर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांत कळवावं लागतं. फोनवर पुन्हा मागितले तर लोकायुक्त पोलिसांकडे जा. कर्नाटकात एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द केल्यापासून ही प्रकरणं त्यांच्याकडेच आहेत.

उताऱ्याचं दोन टप्प्यांत बघा. ई-स्वत्तूच्या, म्हणजे पंचायतीच्या संगणकीय मिळकत नोंदीच्या, उताऱ्यासाठी अर्ज करताना सकालाची (कर्नाटकाच्या सेवा हमी कायद्याची) पोच मागून घ्या. पोच असली की अर्ज टेबलाखाली सरकत नाही, आणि विलंबाला दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. ५०० रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही, पण अधिकाऱ्याला खुलासा द्यावा लागतो आणि तो त्याला नको असतो. पण उतारा अजून वडिलांच्या नावावर आहे, बँक त्यावर भावाला कर्ज देणार नाही. आधी वारसा लावा. बहिणी असतील तर त्यांची नावं वगळायचा सल्ला गावात सर्रास मिळतो, तो ऐकू नका. मुलींचा हक्क कर्नाटकाने १९९४ पासूनच मानला आहे, केंद्राचा कायदा तर २००५ चा. भाऊ तिथे राहतो आणि आता पट्टी भरतो म्हणून घर त्याच्या एकट्याचं होत नाही. पट्टीची पावती मालकी देत नाही, तुम्हालाही नाही आणि त्यालाही नाही. भावाभावांत पुढे वाकडं यायला नको म्हणून पावती वडिलांच्या नावाने, 'वारसांतर्फे' असं लिहून घ्या.

२०२१ च्या खोलीला बांधकाम परवाना होता का, हे तुम्ही कळवलेलं नाही. नसेल तर तो वेगळा प्रश्न आहे आणि वेगळी नोटीस येऊ शकते. अपिलात त्याविषयी खोटं काही लिहू नका. खोली २०२१ ची आहे एवढं सिद्ध करायला सिमेंट-सळीची बिलं, विजेच्या जोडणीचा कागद, तेव्हाचे फोटो जोडा.

राहिलं गटार. कर आणि फी यांत कायदा फरक करतो. फी सेवेच्या बदल्यात असते, कर तसा नसतो. गटार तुंबलंय म्हणून घरपट्टी भरणार नाही, हा बचाव कोर्टात टिकत नाही. आणि पट्टी बंद करून गटार निघणारही नाही. १५ व्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ चा जो निधी पंचायतींना मिळाला, त्यातला ६० टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला आहे. उरलेल्या ४० टक्क्यांतूनही पगार देता येत नाहीत.  म्हणजे गटारासाठी विचारायला वेगळा पैसा आहे आणि तो नेमका त्याच कामासाठी आलेला आहे. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचं नाव टाका, कुठल्या कामावर किती खर्च दाखवलाय ते दिसतं. सहा महिन्यांतून एकदा ग्रामसभा घ्यावीच लागते. पोरांना म्हणावं, नोटीस फेकण्यापेक्षा तो खर्चाचा कागद छापून ग्रामसभेत न्या, आणि स्वच्छतेच्या रकमेतून आपल्या गल्लीत काय झालं ते इतिवृत्तात लिहून घ्या.

कोणी थेट उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट टाका म्हणालं तर पैसे वाचवा. उच्च न्यायालय आधी अपिलाची वाट दाखवतं. तालुका पंचायतीत तुम्हाला स्वतः येता येत नसेल तर भावाच्या नावाने नोटरी केलेलं अधिकारपत्र पाठवा. त्याच्याकडे पावत्यांच्या नकलाच द्या, मूळ पावत्या सुनावणीच्या दिवशी दाखवून परत घ्यायच्या. चिंचवडहून कागद कुरिअरने येईस्तोवर दोन दिवस जातील, तेव्हा अधिकारपत्र आजच करा.