करारात बायका कुठे गळतात

प्रिय मैत्रिणी,

शांतता करारांत स्त्रियांचं स्थान या विषयात शिरायचं ठरवलंयस, तर आधी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा स्त्रिया, शांतता आणि सुरक्षेबद्दलचा ठराव १३२५ वाच. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तो एकमताने मंजूर झाला. अठराच कलमं आहेत, तासाभराचं काम. मात्र क्रियापदांवर बोट ठेवून वाच. बहुतेक ठिकाणी आवाहन, आग्रह, विनंती; न ऐकल्यास काय, याचा पत्ता नाही. त्यामुळे नुसता ठरावाचा दाखला देऊन कुणी हलत नाही. खरी झटापट त्या त्या देशाच्या शांतता कराराच्या मसुद्यावर होते.

शस्त्रसंधीचं कलम घे. ‘गोळीबार व हल्ले थांबतील’ एवढंच लिहिलं, तर बलात्कार हा संधीचा भंग आहे की नाही यावरच वाद घालता येतो, आणि निरीक्षकांच्या नोंदवहीत त्याला रकाना उरत नाही. म्हणून मनाई केलेल्या कृत्यांत लैंगिक हिंसा नाव घेऊन लिहायची. ‘नागरिकांवरील अत्याचार’ ही मोघम भाषा चालवून घेऊ नकोस.

सगळ्यात जास्त बायका गळतात त्या निःशस्त्रीकरणात, म्हणजे लढणाऱ्यांनी शस्त्रं टाकून भत्ता आणि प्रशिक्षण घेत नागरी आयुष्यात परतण्याच्या योजनेत. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये यादवीनंतर बंदूक जमा करणं हा पात्रतेचा निकष होता. बंडखोरांबरोबर राहिलेल्या बायका-मुली रांधत होत्या, ओझी वाहत होत्या, निरोप पोचवत होत्या. कित्येकींना पळवून नेऊन कमांडरांच्या ‘बायका’ केलं होतं. काही लढल्याही. पण दाखवायला बंदूक नाही, किंवा होती ती कमांडरने काढून घेतलेली. भत्ता गेला, प्रशिक्षणही गेलं. तेव्हा निकषात ‘सशस्त्र दलाबरोबर राहिलेल्या व्यक्ती’ असा वेगळा वर्ग हवा. कमांडरच्या यादीवर विसंबायचं नाही, मुलाखत स्वतंत्र घ्यायची. शस्त्रं जमा करण्याच्या छावणीत राहण्याची जागा आणि शौचालयं वेगळी, लेकरांची सोय तिथेच. आणि एक गोम आहे: नाव नोंदवलं की गावात शिक्का बसतो, म्हणून पुष्कळजणी फिरकतच नाहीत. यादी गुप्त ठेव, आणि छावणीत न येताही मदत मिळेल अशी वाट ठेव.

वाटाघाटीच्या टेबलावरची जागा मात्र सदिच्छेपेक्षा नियमाने मिळते. उत्तर आयर्लंडमध्ये शांतता वाटाघाटींचे प्रतिनिधी ठरवणाऱ्या १९९६च्या निवडणुकीत पहिल्या दहा पक्षांना किमान दोन-दोन जागा, असा नियम होता. काही आठवड्यांत उभ्या राहिलेल्या महिला आघाडी या पक्षाला जेमतेम एक टक्का मतं पडली, तरी मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सॅगर आत पोचल्या. १९९८च्या शांतता करारात स्त्रियांच्या राजकीय सहभागाचा हक्क आला, नागरी समाजाचं म्हणणं मांडणारा सल्लागार नागरी मंचही आला. तो मंच २००२मध्ये विधानसभेबरोबर स्थगित झाला, पुन्हा भरलाच नाही.

आता कुठलाही एक करार घे आणि स्त्रियांचा उल्लेख असलेल्या प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिही: कोण करणार, कधीपर्यंत, पैसा कुठून. तिन्ही रकाने रिकामे राहतील त्या ओळी आधी पाठव.